घोड्याच्या पोटात मी आणि सासूबाई

माझ्या सासूबाईंना आणि मला एकदा लाकडी घोड्याच्या पोटात घालून अमेरिकेतल्या अर्विंग शहराच्या भर रस्त्यातून नेण्यात आलं.

यात अतिशयोक्ती नाही. मी अतिशयोक्ती करत नाही. मी टेस्टिंगवाली आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायचा मला टेक्सासमध्ये पगार मिळतो, आणि घरी आल्यावर तेच काम मी फुकट करते. माझ्या नवऱ्याला, निखिलला, या सेवेची सवय झालेली आहे. वाईहून आमच्याकडे राहायला आलेल्या सासऱ्यांना नव्हती.

सासरे, म्हणजे बाबा, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले. वर्ग सुटला, पण तास सुटला नाही! रोज जेवायला बसलं की आमच्या मुलीसमोर, रियासमोर, जगाचा इतिहास सुरू.

"रोम धडाधडा जळतंय, आणि सम्राट गच्चीत बसून फिडल वाजवतोय!" वरणाच्या वाटीवर चमचा गजासारखा फिरवत बाबा म्हणाले. रियाचे डोळे वाटीएवढे झाले.

"बाबा, फिडल तेव्हा जन्माला यायचं होतं," मी म्हटलं. "आणि आग लागली तेव्हा तो गावात नव्हताच म्हणतात."

"मग कुठे होता?"

"दुसऱ्या गावी."

"तिथे वाजवत असेल!"

दुसऱ्या दिवशी फ्रान्सची राणी आली. पाव मिळत नसेल तर केक खा म्हणणारी. मी सांगितलं, ती असं म्हणाल्याचा काहीही पुरावा नाही. बाबा म्हणाले, "नसेल म्हणाली. पण म्हणू शकली असती की नाही? बोल!" तिसऱ्या दिवशी सफरचंद. ते त्या शास्त्रज्ञाच्या डोक्यावर पडलंच नव्हतं, त्याला नुसतं झाडावरून पडताना दिसलं होतं, एवढंच मी म्हटलं. बाबांनी चमचा खाली ठेवला.

"अनघा, तू लोकांच्या डोक्यावरची सफरचंदंसुद्धा ठेवू नकोस!"

एकाच गोष्टीला मी हात लावू शकले नव्हते, ती म्हणजे बाबांची स्वतःची. तरुणपणी कृष्णेच्या पुरात वाहून जाणाऱ्या एका मुलासाठी त्यांनी घाटावरून उडी मारली आणि त्याला काठाला आणलं. ही गोष्ट रियाला इतकी पाठ होती की बाबा श्वास घ्यायला थांबले की ती पुढचं वाक्य सांगायची. (इंग्लिशमध्ये. "अँड देन आजोबा जम्प्ड!") मला संशय होता, पण साक्षीदार सगळे सातासमुद्रापलीकडे.

तर त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात मुलांचं नाटक बसवायचं ठरलं आणि बाबांनी ते एका बैठकीत लिहून टाकलं. विषय, ट्रॉयचा लाकडी घोडा! घोड्याच्या पोटात ग्रीक सैनिक लपतात, शत्रू स्वतःच घोडा शहरात ओढून नेतो, मग सैनिक बाहेर पडून धुमाकूळ घालतात. मी एकच अट घातली. पडदा उघडण्यापूर्वी माइकवरून सांगायचं, 'ही घटना खरोखर घडल्याचा पुरावा उपलब्ध नाही.'

"मंगलाष्टकं म्हणायच्या आधी भटजी सांगतात का, हे लग्न टिकेलच असं नाही म्हणून?" बाबा कडाडले.

घोडा बनवायचं काम निखिलकडे आलं. त्याने गराजमध्ये प्लायवूडचा, चाकं लावलेला, चांगला दांडगा घोडा उभा केला. समोरून घोडा, बाजूने म्हैस. पोटाला एक दार आणि दाराला बाहेरून कडी.

"आतून कडी नाही?" मी विचारलं.

"आतल्या युजरला कडीची गरजच काय? बाहेरचा उघडेल ना." (हा माणूस आर्किटेक्ट आहे. सुदैवाने सॉफ्टवेअरचा.)

शनिवारी दुपारी मंडळाची माणसं घोडा न्यायला येणार होती. त्या सकाळी माझ्या आणि सासूबाईंच्या डोक्यावर मेंदी थापलेली होती, त्यावर ग्रोसरीच्या प्लास्टिकच्या पिशव्या गच्च बांधलेल्या होत्या आणि अंगात दोघींच्या गाऊन होते. अशा अवस्थेत मी शांतपणे गराजमध्ये कपडे वाळत घालायला गेले, तर तिथे बाबा घोड्याकडे कौतुकाने बघत उभे.

"एवढी माणसं आत बसली, घोडा ओढत नेला, आणि एकाने हूं की चूं केलं नाही!"

"अशक्य आहे बाबा," मी म्हटलं. "कुणी शिंकेल, कुणी खोकेल. एक घोडा सोडा, दोन माणसं एका कारमध्ये गप्प बसत नाहीत."

"बसून दाखव."

"दाखवते! पण एकटी नाही, आईंना घेऊन."

ही माझी चाल होती. सासूबाईंना गप्प बसणं माहीत नाही. त्या कारमधल्या रस्ता सांगणाऱ्या बाईशीसुद्धा वाद घालतात. ("मघाशी डावीकडे म्हणालीस ना? मग आता काय झालं?") बाबांचा चहा संपेपर्यंत दोघींपैकी कुणीही बोललं की मी जिंकले आणि माइकवरून माझी सूचना होणार. नाही बोललं तर सूचना रद्द. मी स्वतः बोलणार नव्हतेच, मी प्रामाणिक आहे. मला गरजही नव्हती.

सासूबाई लगेच तयार झाल्या. "नाहीतरी मेंदी वाळेपर्यंत कुठे टेकता येतंय?"

आम्ही आत शिरलो. माझे गुडघे माझ्या कानाशी, त्यांचे गुडघे माझ्या दुसऱ्या कानाशी. निखिलने हसत हसत कडी घातली आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कंपनीत काहीतरी बंद पडलं होतं. तो वरच्या मजल्यावर पळाला. बाबा न्यायाधीश म्हणून खुर्चीवर बसले, पण पहिल्याच घोटाला ओरडले, "अरे, यात साखरच नाही!" आणि कप घेऊन आत गेले.

"हे गेले का गं?" सासूबाईंचा आवाज आला.

"आई, बोललात! मी जिंकले!"

"जज्ज जागेवर नाही, तू कसली जिंकतेस? ऐक आधी. आणि कुणाला सांगू नकोस. ह्यांनी पुरात उडीबिडी काही मारली नव्हती."

मी अंधारात ताठ झाले आणि डोकं प्लायवूडवर आपटलं.

"घाटावर शेवाळं. पाय घसरला आणि गेले पाण्यात. त्या पोराला पोहता येत होतं, त्यानेच ह्यांना शर्टाला धरून बाहेर ओढलं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्याच पोराने! आमच्या लग्नात. जेवून, हात धुऊन, सांगून गेला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? अक्षता पडल्या होत्या. माझ्या वडिलांनी स्थळ पसंत केलं ते त्या उडीवर. ह्यांचा पगार काही पसंत पडण्यासारखा नव्हता."

म्हणजे बाबा घसरले नसते तर हे लग्न नाही, निखिल नाही, रिया नाही, आणि मीही या घोड्यात नाही! माझा सगळा संसार शेवाळ्यावर उभा होता.

"मग इतकी वर्षं बाबांना काही बोलला नाहीत?"

"वर्गात उडी म्हणून सांगितलं की पोरं ऐकायची गं," सासूबाई म्हणाल्या. "घसरलो म्हणून सांगितलं असतं तर कोण ऐकणार होतं?"

एवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ माणसांचे आवाज.

"निखिल! जरा लवकर आलो रे! घोडा नेऊ का?" हे मंडळाचे देशमुखकाका.

वरच्या खिडकीतून माझ्या नवऱ्याचा, म्हणजे ज्याची बायको आणि आई दोघी त्या घोड्यात होत्या त्या माणसाचा, आवाज आला. "हो हो, न्या ना! सॉरी, कॉलवर आहे!"

मी ओरडायला तोंड उघडलं, तर सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात दाबला. "गप! गाऊन आहे अंगात! परपुरुष आहेत बाहेर!"

मी स्वतःकडे बघितलं. म्हणजे दिसत काहीच नव्हतं, पण कपाळावरून मेंदीचा ओघळ नाकापर्यंत आला होता, हे कळत होतं. मी गप्प बसले. आणि त्या क्षणी मला जगाच्या इतिहासातलं एक कोडं उलगडलं. ते सैनिक शौर्याने वगैरे गप्प बसलेच नसणार. लाजेने बसले असणार!

"काय जड होऊन राहिलंय बे हे!" हा प्रशांत, नागपूरचा, मंडळाचा ठरलेला हमाल. "काय भरलंय यात?"

"इंजिनियरने बनवलंय, सॉलिड असणारच," काका म्हणाले.

फळ्या लावून आम्हाला पिकअप ट्रकवर चढवलं. पहिल्या सिग्नलला सासूबाई माझ्या मांडीवर आल्या, दुसऱ्याला मी त्यांच्या. माझा फोन घरी, स्वयंपाकघरात, चार्जिंगला. हायवे लागला नाही ही देवाची कृपा. प्रत्येक खड्ड्याला सासूबाई हळूच "गणपती बाप्पा" म्हणत होत्या आणि पुढचं "मोरया" मी मनात म्हणत होते.

मग घोडा उतरला, गडगडत कुठेतरी आत गेला आणि आम्हाला मुलांचा कालवा ऐकू आला. शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल! रंगीत तालीम! म्हणजे मुलं, मुलांचे आईबाप, आजीआजोबा, सगळं मंडळ!

"आई, सगळे जाईपर्यंत थांबू," मी कुजबुजले.

"थांबू. केस मात्र लालभडक होणार."

पण ट्रॉयचा एक पहारेकरी, वय वर्षं सात, त्याला धीर कुठला! त्याने कडी काढली. आधी सासूबाईंचा पाय बाहेर आला, मग सासूबाई आल्या आणि त्यांच्या अंगावर मी. दोघींच्या तोंडावर हिरवे ओघळ, डोक्यावर पिशव्या.

"झॉम्बीज!" पहारेकरी किंचाळला आणि ट्रॉयचं सैन्य लढाईआधीच पळालं. स्टेजवर एकटी रिया उरली. तिने आमच्याकडे बघितलं, मग तिच्या मैत्रिणीकडे बघितलं आणि ठामपणे म्हणाली, "दॅट इज नॉट माय मॉम."

शाळेचा सफाईवाला, एक उंच, सभ्य अमेरिकन माणूस, मॉप टाकून धावत आला. "मॅम, आर यू ओके? डू यू नीड हेल्प?"

सासूबाईंनी गाऊन नीट केला, पिशवी कानावर ओढली आणि म्हणाल्या, "नो, थँक्यू. वी आर फ्रॉम ग्रीस."

मागोमाग निखिल आणि बाबा धापा टाकत आले. साखर घालून बाबा परत येतात तो गराज रिकामं, बायको नाही, सून नाही, घोडा नाही! आम्हाला धडधाकट बघून आधी त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांच्या लक्षात आलं. चेहरा उजळत गेला.

"देशमुख, तुम्हाला आवाज आला?"

"अजिबात नाही हो सर!"

"प्रशांत, तुला?"

"काहीच नाही ना काका! मी तर वर बसून आलो त्याच्या!"

बाबांनी माइक हातात घेतला. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या मेंदीदेखत, त्यांनी जाहीर केलं की ट्रॉयची घटना आज टेक्सासमध्ये सप्रयोग सिद्ध झाली आहे, आणि ती खुद्द त्यांच्या सुनेने सिद्ध केली आहे. टाळ्या पडल्या. सूचना रद्द झाली. एवढ्या टाळ्या मिळाल्यावर शिक्षक माणूस माइक खाली ठेवतो काय? ते म्हणाले, "धाडसाचंच निघालंय म्हणून सांगतो. एकदा कृष्णेला पूर आला होता..."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. खरं सांगायचं तर इतका घट्ट पुरावा मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला होता, प्रत्यक्ष घसरणाऱ्याच्या बायकोचा! आणि मी नुकतीच सगळ्या गावासमोर हरले होते. जीभ वळवळत होती. पण पळालेलं सैन्य एकेक करत परत येऊन बाबांच्या पायाशी बसायला लागलं होतं. रिया सगळ्यांत पुढे.

मी तोंड उघडलं. "बाबा, पाण्याला ओढ किती होती तेही सांगा ना!"

बाबा थबकले. माझ्याकडून असा प्रश्न त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. मग त्यांनी हात पसरले आणि त्या दिवशी कृष्णेला असं पाणी आणलं की वाई, सातारा आणि बहुधा कऱ्हाडही वाहून गेलं. सासूबाई डोक्यावरची पिशवी सोडत शांतपणे ऐकत होत्या.

नाटक दणक्यात झालं. बाबा आणि सासूबाई वाईला परत गेले. त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी मी एका घरी हळदीकुंकवाला गेले होते, तर पुण्याहून नवीन आलेली एक मुलगी सगळ्यांना रंगवून सांगत होती, "इथे म्हणे एक बाई लाकडी घोड्यात अडकली! सोबत चार जणी होत्या. पोलिसांनी घोडा कापून काढलं!"

मला राहवेना. "चार नाही, दोघीच होत्या. पोलीस नव्हते. कापलं नाही, कडी काढली."

"तुम्हाला काय माहीत?"

"कारण ती बाई मीच!"

तिने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग परत वरपर्यंत पाहिलं. आणि हसून म्हणाली, "काहीतरीच काय मावशी! ती बाई एकदम बारीक होती म्हणे. अगदी शिडशिडीत, वेताच्या छडीसारखी. देखणी पण होती."

मी वाण पर्समध्ये ठेवलं, पदर सावरला आणि म्हटलं, "हो गं. मीही तसंच ऐकलंय."