मुंगी सरकते

मुंगी जिवंत आहे म्हणजे शिरा गरम झालाच नाही, असं मी सुधाला तिच्या मोठ्या बहिणीसमोर सुनावलं, ही माझी चूक. तिने मायक्रोवेव्हचं दार उघडलं तेव्हा आतल्या काचेच्या ताटलीवर एक काळी मुंगी फिरत होती.

"बटण दाबायला विसरलीस," मी म्हणालो.

"अहो, दाबलं होतं."

मालूताई हसल्या. "वेंधळीच आहे ही, पहिल्यापासून!"

सुधाचा चेहरा उतरला. वाटीला बोट लावून बघायचंही मला सुचलं नाही.

काल चहा गरम करताना आतल्या उजेडात पुन्हा एक मुंगी दिसली. यंत्र घरघरत होतं आणि ही आपली फेरफटका मारत होती. मी घाईने यंत्र थांबवलं, तिला कागदावर उचलून घेतलं आणि भौतिकशास्त्र शिकणाऱ्या लेकीला विचारलं.

"बाबा, आत सगळीकडे सारखी आच नसते. काही जागा तापतात, काही थंडच राहतात. एवढ्याशा जिवात उष्णता शिरते थोडी आणि निघूनही जाते चटकन. शिवाय चटका बसला की ती सरकते."

सरकते. माझा आवाज चढला की सुधाही अशीच गॅलरीतल्या कुंड्यांकडे सरकते. मला वाटायचं, तिला काही लागतच नाही.

संध्याकाळी मालूताईंचा फोन आला, तो मी सुधाच्या हातून घेतला. "ताई, त्या दिवशी शिरा गरमच होता. ही काही विसरली नव्हती, मीच न बघता बोललो."

मग सुधाकडे वळून म्हणालो, "चुकलो गं."