पिवळ्या ठिपक्याचा तवा

सोमवार, २६ डिसेंबर २०११. सकाळी धुके. नऊच्या नाताळ-प्रार्थनेला दोघी गेलो. कोबा चर्चच्या पायऱ्यांवर माझा हात धरून उतरली. एरवी धरत नाही. दुपारी मांस, मश्रूम, कांदा चिरून झाले. संध्याकाळी गूरमे. हूब येणार, आणि कोबाचे ते गृहस्थ.

एवढे लिहून गोन्नीने वही मिटली. ‘ते गृहस्थ’ म्हणजे सेर्व्हास लेमेन्स, इथे रूरमोंड गावातच बस चालवण्यात आयुष्य काढलेला विधुर. नाव तिला ठाऊक होते, पण वहीत लिहायला हात होत नव्हता. गोन्नीचा नवरा वारल्यानंतर धाकटी बहीण कोबा तिच्याकडे राहायला आली, आणि दोघींचे बरे चालले होते. आता या माणसाने कोबाला आपल्या तळमजल्यावरच्या घरी राहायला बोलावले होते, आणि कोबा नववर्षाच्या आत उत्तर देणार होती. ती गेली तर या घरात जेवायला गोन्नी एकटी.

त्याला हवे काय होते? फुकटचा स्वयंपाक, असे गोन्नीचे मत. आणि कोबाही हल्ली काहीतरी लपवत होती. बोलताना सरळ डोळ्यांत बघत नसे. नजर कानाकडे नाहीतर खांद्यापलीकडे. शाळेत खोटे बोलणाऱ्या मुली नन्सपुढे अशाच उभ्या राहत.

म्हणून तर तिने गूरमेच ठरवले. टेबलाच्या मधोमध विजेचा तापता पत्रा, भोवती प्रत्येकाचा तळहाताएवढा तवा, मुठीवर ज्याचा त्याचा रंगीत ठिपका. आपले आपण भाजायचे, आपले आपण खायचे. दोन-तीन तास माणूस समोर बसला की हावरट, आळशी, आगाऊ, सगळे कळते.

सेर्व्हास आला तो दोन प्रकारच्या चटण्या घेऊन. कोबाला विचारल्याशिवाय तिच्या शेजारी बसला. हे गोन्नीने पहिले टिपले.

“आई, पाहुण्यांना हिरवा तवा दे,” हूब म्हणाला. “तो बाबांचा.”

“पाहुण्यांना निळा,” गोन्नी म्हणाली.

“निळा चालेल,” सेर्व्हास म्हणाला. “बसही निळीच होती माझी.”

जेवण सुरू झाले. गोन्नीचे स्वतःच्या लाल ठिपक्याकडे लक्ष नव्हते. तिचे बीफ करपून वहाण झाले. ती बघत होती त्याचे हात. एक हात सावकाश कोबाच्या पिवळ्या तव्याकडे गेला, चिकनचा तुकडा उलटवला आणि परत आला. थोड्या वेळाने पुन्हा. मग त्याने कोबाची बशी पत्र्यापासून वीतभर मागे ओढली आणि चटणीची वाटी तिच्या बोटांना लागेल अशी ठेवली. कोबा हूबशी हसत बोलत होती, जणू काही घडतच नव्हते.

तेवढे गोन्नीला पुरले.

“लेमेन्स, आमच्याकडे दुसऱ्याच्या तव्याला हात लावत नाहीत.”

“चुकलं माझं.” त्याने हात मांडीवर घेतले.

“गोन्नी, तू पोलीसखात्यात का नाही गेलीस?” कोबा म्हणाली.

“गेले असते तर आधी तुलाच धरलं असतं. भाज तुझं तू.”

कोबाने भाजले. म्हणजे तव्यात नवा तुकडा टाकला, बोलत राहिली आणि जरा वेळाने काट्याने उचलून तोंडाशी नेला.

“थांब,” सेर्व्हास हळूच म्हणाला. “गुलाबी आहे अजून.”

गोन्नीने पाहिले. गुलाबी कसले, कच्चेच होते. शेजारच्या पोरालाही दिसले असते.

“तुला दिसत नाही का, कोबा?”

हूबने काटा खाली ठेवला.

“कडेचं दिसतं,” कोबा म्हणाली. “मधलं गेलंय. ईस्टरपासून. तुझं तोंड बघायचं तर तुझ्या कानाकडे बघावं लागतं.”

“आणि हे ह्याला माहीत? मला नाही?”

“मलाही कुणी सांगितलं नव्हतं,” सेर्व्हास म्हणाला. “यांनीही नाही. एकदा माझ्या घरी त्या कोट अडकवायच्या खुंटाळ्याला बराच वेळ हवापाण्याचं सांगत होत्या. मग मीच विचारलं.”

“खुंटाळ्यानं याच्यापेक्षा बरं उत्तर दिलं असतं,” कोबा म्हणाली. हूब हसला. गोन्नी हसली नाही.

“मला का नाही सांगितलंस?”

“दुसऱ्या दिवसापासून माझा पाव तू कापला असतास. जिन्यावर मागून धरलं असतंस. शेजारणीला सांगितलं असतंस.”

गोन्नीला यातले एकही खोडता येईना. पाव तर ती आताच मनातल्या मनात कापत होती.

“म्हणजे जाणार तू.”

“जाणार. त्याच्याकडे जिना नाही. आणि तो उलटवतो तेव्हा बोलून दाखवत नाही.”

“स्वयंपाक कोण करणार?” हा प्रश्न सेर्व्हासला होता.

“मी. सूप आणि बटाटे येतात. बाकीचं शिकेन.”

“रविवारी येऊन बघीन,” गोन्नी म्हणाली. “न कळवता.”

“या की.”

त्याचा तिला अजूनही पुरता भरवसा नव्हता. कोबाच्या तव्यातला तुकडा पुन्हा चुरचुरू लागला. गोन्नीचा हात आपोआप पुढे गेला आणि टेबलाच्या मध्यावर थांबला.

“लेमेन्स,” ती म्हणाली, “उलटवा तो. लागतोय.”

पाहुणे गेल्यावर, कोबा झोपल्यावर तिने सकाळच्या नोंदीखाली लिहिले: दिवाणखान्याच्या पडद्यांना तळणाचा वास लागला आहे. काढून टबात भिजत घातले.