दिलेल्या शब्दांची वही

परदेशातली चार वर्षांची नेमणूक संपवून मी खात्यात परत आलो, त्या पहिल्याच सकाळी वहीबाईंनी मला आपल्या टेबलासमोर उभं केलं. बसा म्हणाल्या नाहीत. चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "त्या बेटवाल्यांना शब्द दिलात ते तुम्हीच ना?"

मी जरा फुशारलोच. इतक्या दूरची गोष्ट इथवर पोचली, म्हणजे आपलं नाव झालेलं दिसतंय, असं वाटलं. "हो, मीच," म्हटलं.

"कुठे दिलात?"

"जागतिक संघटनेच्या मुख्यालयात. सभागृहाबाहेर, कॉफीच्या मशीनपाशी."

"तारीख?"

तारीख कसली आठवते! "बुधवार होता बहुतेक," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी शाळेत पाढे चुकलोय असं मला वाटलं. मग त्यांनी खणातून गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं, अधिवेशनाचे बुधवार मोजले, त्या दिवशी कोणत्या ठरावावर चर्चा होती ते मला विचारलं, आणि तारीख पक्की करून एका जाड वहीत लिहिली. पुढे माझं नाव लिहिलं. "परवानगी न घेता दिलात," त्या म्हणाल्या. "पण दिलात. आता या."

आमच्या खात्यात बाहेरून पाहणाऱ्याला झेंडे, गाड्या आणि हस्तांदोलनं दिसतात. वहीबाई तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताच्या खोलीत बसायच्या. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. हुद्दा कारकुनाचा. मंत्री बदलत, सचिव बदलत, पडदेसुद्धा दोनदा बदलले. वहीबाई चोवीस वर्षं तिथेच होत्या.

त्यांचं काम सांगायला सोपं आहे. जगभरच्या देशांच्या ज्या संघटना असतात, त्यांच्या समित्या, आयोग, परिषदा असतात, आणि त्यांतल्या प्रत्येक जागेसाठी निवडणूक होते. मग देश एकमेकांकडे मतं मागतात. तुम्ही आम्हाला आरोग्याच्या समितीवर निवडून द्या, आम्ही तुम्हाला टपालाच्या. सगळा मामला शब्दावर चालतो. आमचा देश ना लहान ना मोठा. घरातल्या मधल्या भावासारखा. थोरल्याचं ऐकून घ्यायचं, धाकट्याला सांभाळायचं, आणि कौतुक कोणीच करायचं नाही. अशा देशाजवळ द्यायला शब्दाशिवाय फार काही नसतं. तो कोणाला दिला, कशासाठी दिला, कोणी दिला, हे वहीबाई लिहून ठेवत. शेवटचा रकाना होता, 'पाळला का?'

दुसऱ्यांनी आपल्याला दिलेल्या शब्दांची वही त्यांनी ठेवलीच नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मतदान गुप्त असतं. त्यांनी पाळला की नाही हे आपल्याला कसं कळणार? आपण पाळला की नाही, एवढंच कळतं. जे कळतं ते लिहायचं."

आणि एक नियम होता, तो कोणी केला देव जाणे. कोणत्याही देशाला मत द्यायचं फर्मान परदेशी पाठवण्याआधी ती फाइल वहीबाईंकडे यायची. त्या वही चाळून खाली एक ओळ लिहायच्या, 'या जागेसाठी याआधी कोणालाही शब्द दिलेला नाही,' आणि सही करायच्या. त्या ओळीशिवाय फाइल पुढे जात नसे. साहेबलोक या ओळीला हसत. मीही हसलोय.

माझा शब्द त्यांच्यापर्यंत पोचला कसा, तेही सांगतो. बेटवाल्यांचा प्रतिनिधी हा एकटाच गृहस्थ. भाषण करायचं तर तोच, टंकलेखन तोच, गाडी चालवणाराही तोच. आमचा एक ठराव अटीतटीचा होता. हा गृहस्थ अंगात ताप असताना कोट घट्ट आवळून संध्याकाळपर्यंत बसून राहिला, आमच्या बाजूनं हात वर केला, आणि आम्ही दोन मतांनी जिंकलो. दुसऱ्या दिवशी मशीनपाशी त्यानं मला सांगितलं, की पुढच्या वर्षी समुद्र आयोगाच्या जागेसाठी ते उभे राहतायत. बेटाभोवतालचा समुद्र चढतोय, मासे आटतायत, आणि त्यांचं ऐकून घ्यायला त्या आयोगात कोणी नाही. मला भरून आलं. मी म्हणालो, "आमचं मत तुम्हालाच." मला तसा काडीचा अधिकार नव्हता. पुढे त्या महिन्याच्या अहवालात, अगदी शेवटी, थोडी शेखी म्हणून मी ती ओळ घातली. महिन्याचा अहवाल कोणी शेवटपर्यंत वाचत नाही, ही आमच्या खात्यातली जुनी समजूत. वहीबाई वाचत होत्या.

आता त्यांच्या घरचं. पुढे माझं तिथे येणंजाणं सुरू झालं होतं. यजमान शहरातल्या बसवर चालक होते, नुकतेच निवृत्त झालेले. सासूबाई नव्वदीच्या, कान तिखट. घरी गेलं की त्या सुनेला माझ्यादेखत विचारत, "अगं, तू परदेश खात्यात ना? मग परदेशी कधी जाणार?" वहीबाई म्हणत, "जाईन हो आई, नंबर लागला की." आमच्याकडे कारकुनाला नोकरीत एकदा परदेशी नेमणूक मिळते. वहीबाईंचा नंबर त्या वर्षी लागला होता. आमच्या शेजारच्या मोठ्या देशाची राजधानी, तीन वर्षं, यजमानांसह. यजमानांनी एक भली थोरली निळी बॅग आणली आणि अख्ख्या गल्लीला दाखवली. कुठून तरी कॅसेट आणून ते तिथली भाषा शिकत होते. मी गेलो की दारातच मला त्या भाषेत 'स्थानक कुठे आहे?' असं विचारत. त्यापलीकडे त्यांची गाडी गेली नाही. वहीबाई हसून पदर तोंडाला लावत. त्यांना इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच घोडं पेंड खायला लागलं. त्याच मोठ्या देशानं समुद्र आयोगाच्या त्याच जागेसाठी अर्ज भरला आणि आमचं मत मागितलं. आमच्या मंत्र्यांनी जेवणाच्या टेबलावर हो म्हटलं, वर पत्रही दिलं. फाइल खाली आली. सचिवसाहेबांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही वहीबाईंच्या खोलीत गेलो.

वहीबाईंनी वही उघडली, पान दाखवलं आणि म्हणाल्या, "ही जागा दिलेली आहे."

"कोणी दिली?"

त्यांनी माझ्या नावावर बोट ठेवलं. माझी तर पाचावर धारण बसली.

सचिवसाहेब म्हणाले, "बाई, हा पोरगा कॉफी पिताना काहीतरी बोलला. तो काय शब्द म्हणायचा? कागद आहे का?"

"ते आपले अधिकारी होते, साहेब. समोरच्याला काय माहीत ह्यांचा अधिकार केवढा? तो आपल्या देशाचा शब्द घेऊन घरी गेला."

"अहो, मतदान गुप्त आहे! दोघांनाही हो म्हणू. आत कोणाचं नाव लिहिलं, कोणाच्या बापाला कळणार नाही. सगळे हेच करतात."

"करतात," वहीबाई म्हणाल्या. "मग त्यांच्याकडून ओळ लिहून घ्या. मला खोटं लिहिता येणार नाही."

सचिवसाहेबांनी आवाज खाली आणला. ते काही दुष्ट नव्हते, फक्त वेळ मारून नेण्यात हयात गेलेली. "तुमची नेमणूक कोणत्या राजधानीत आहे, लक्षात आहे ना? त्यांना आपण उघड नाही म्हटलं, तर ते पहिल्यांदा आपल्या दूतावासातली माणसं कमी करायला सांगतील. नवं माणूस तर घेणारच नाहीत."

वहीबाईंचा हात वहीवर होता, तो तिथेच राहिला. मला त्या क्षणी वाटत होतं, बाई, लिहा ती ओळ. माझीही नोकरी वाचेल, तुमचीही बॅग भरली जाईल. लाज वाटते सांगायला, पण हेच वाटत होतं. मग त्यांनी पेन उचललं आणि फाइलवर लिहिलं, 'या जागेसाठी शब्द दिलेला आहे. तोंडी.' खाली तारीख, ठिकाण कॉफीचं मशीन, माझं नाव, आणि सही. फाइलवर लिहिलेलं खोडता येत नाही. सचिवसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण फाइल तशीच वर न्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी मंत्र्यांनी आम्हा तिघांना बोलावलं. वहीबाई चोवीस वर्षांत त्या मजल्यावर पहिल्यांदाच जात होत्या. गालिच्यावर चपला घालून जावं की नको, असं त्यांनी मला हळूच विचारलं.

मंत्री चिडलेले होते. "दोन्ही डगरींवर हात ठेवायची वेळ तुम्ही माझ्यावर आणलीत," ते मला म्हणाले, आणि ते खरंच होतं. मग वहीबाईंकडे वळले. "तुम्ही सांगा, बाई. मी लेखी दिलंय. ह्यानं तोंडी दिलंय. कुठला मोठा?"

"आधीचा," वहीबाई म्हणाल्या.

"आणि थोरल्याशी वाकडं घेतलं तर?"

"साहेब, थोरल्याला आज खरं सांगितलंत तर तो चार दिवस रागावेल. पण उद्या तुम्ही त्याला हो म्हणालात, तर त्याला ते हो खरं वाटेल." मग त्या म्हणाल्या, "मतदान गुप्त असतं ते लोकांपासून. पेटीत चिठ्ठी टाकणाऱ्याला माहीत असतंच की."

मंत्री खिडकीपाशी गेले. तिथे त्यांनी काय विचार केला मला माहीत नाही. राजकारणी माणूस, त्यांच्या पोटातलं ओठावर येत नाही. पण त्यांनी आमच्यादेखतच फोन उचलला आणि मोठ्या देशाच्या राजदूताला सांगितलं, की आमच्याकडून चूक झाली, ही जागा आम्ही आधीच दुसऱ्याला दिली आहे, पत्र परत घेतो. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. मंत्र्यांचे कान लाल झाले. मला लेखी समज मिळाली, ती मी अजून जपून ठेवली आहे.

पंधरा दिवसांत सचिवसाहेबांचं भाकीत खरं झालं. मोठ्या देशानं आमच्या दूतावासातली तीन पदं कमी करायला लावली. त्यांतलं एक वहीबाईंचं. पुन्हा नंबर लागायला नोकरीची तेवढी वर्षं उरली नव्हती. मी घरी माफी मागायला गेलो, तर यजमान निळ्या बॅगेत जास्तीच्या उश्या भरत होते. त्या दिवशी त्यांनी मला स्थानक कुठे आहे ते विचारलं नाही. वहीबाईंनी चहा दिला. मी तोंड उघडताच म्हणाल्या, "तुम्ही चुकलात ते विचारलं नाहीत म्हणून. दिलात म्हणून नाही. चहा घ्या, निवतोय." आत भांडी लावताना मात्र त्यांनी डोळे पुसले. मी ते पाहिलं आणि निवलेला चहा संपवला.

मतदानाला शिष्टमंडळाबरोबर मलाही पाठवलं, चिठ्ठी पेटीत टाकायला. मंत्र्यांची ही बहुधा शिक्षा असावी. आमच्या प्रमुखांनी माझ्यासमोर बेटाचं नाव लिहिलं, मी घडी घातली आणि टाकली. निकाल लागायला तासभर लागला. मोठ्या देशाला दीडशेच्या वर मतं पडली. बेटाला अकरा.

बेटवाल्यांचा प्रतिनिधी त्या कॉफीच्या मशीनपाशीच सापडला. कोट तोच, केस पांढरे झालेले. मी काही बोलायच्या आत त्यानं हात वर केला. "सकाळपासून साठ जणांनी मला मिठी मारून सांगितलं, आमचं मत तुम्हालाच पडलं. मतं आहेत अकरा. तेव्हा तुम्ही काही बोलू नका. तुमचं मला केव्हाच कळलंय. त्यांचा राजदूत महिनाभर जिथे तिथे तुमच्या देशाच्या नावानं खडे फोडतोय. एवढा राग तो उगीच धरणार नाही." मग म्हणाला, "एक मत आमचं स्वतःचं. नऊ मतं कोणाची ते मला जन्मात कळणार नाही. उरलेलं एक मला माहीत आहे. घरी जाऊन लोकांना सांगायला तेवढं एक तरी आहे."

मी त्याला वहीबाईंबद्दल सांगितलं. सगळं, बॅगेसकट. त्यानं माझ्याकडून नंबर घेतला आणि तिथल्याच फोनवरून लावला. आमचं ऑफिस सुटायला अवकाश होता. संघटनेची भाषा वहीबाईंना येत होती, पण त्यांनी ती जन्मभर फक्त पत्रांत वाचलेली. त्याचं बोलणं मला ऐकू येत होतं. आपण कोण ते त्यानं सांगितलं, हरलो म्हणून सांगितलं, तुमची नेमणूक आमच्यापायी गेली म्हणून सांगितलं, आणि आभार मानता मानता अडखळला. मग पलीकडून त्या बोलल्या, आणि हा नुसता ऐकत राहिला.

फोन ठेवला तेव्हा तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, 'आपल्या पराभवाबद्दल आम्हांस खेद वाटतो. पुढील निवडणुकीचा आपला अर्ज कृपया लवकर, आणि लेखी पाठवावा. माझ्या निवृत्तीस चार वर्षे आहेत. त्यापूर्वी यावा.'"