एकनाथमामांची पाच मिनिटं

मी एका म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलले होते. तो माणूस काल सकाळी गेला.

आता खरं कुणाला सांगू? म्हणून इथे लिहितेय.

एकनाथमामा. देवराज मोहल्ल्यात त्यांचं टेलरिंगचं दुकान. दुकान कसलं, एक मशीन, एक कपाट आणि विठ्ठलाची तसबीर.

मी परभणीहून म्हैसूरला युनिव्हर्सिटीतल्या नोकरीसाठी आले, त्याला दोन महिने झाले होते. ब्लाऊज शिवायला टाकायला गेले, तर मामा आत बायकोला म्हणाले, "अगं, पाणी आण की स्वल्प."

मराठी! फोनवरची नाही, समोरच्या माणसाच्या तोंडातली. मी तिथेच उभ्याउभ्या रडायला लागले.

मामा घाबरले. "मापात काय चुकलं काय अम्मा?"

त्यांचं घराणं किती पिढ्यांपूर्वी इथे आलं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरात मराठीच, पण एका वाक्यात दोन कन्नड शब्द हमखास. मला रोज विचारायचे, "ऊटा झाला काय?" म्हणजे जेवलीस का.

या शहरात मला हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

युनिव्हर्सिटीतून सुटले की पाय आपोआप तिकडे वळायचे. शिवायला काही नसलं तरी. "सुम्ने बस," म्हणायचे. उगीच बस. मी उगीच बसायचे.

गेल्या वर्षी युनिव्हर्सिटीत विविधता सप्ताह ठरला. सगळ्यांना सामावून घ्यायचं, अशी थीम. मी कमिटीत. शेवटच्या दिवशी 'माझी भाषा' हा कार्यक्रम. प्रत्येक भाषेतल्या एका माणसाने स्टेजवर पाच मिनिटं बोलायचं.

मराठीसाठी मी मामांना विचारलं.

मशीन थांबलं. "मी? स्टेजवर? मला कोण विचारतं गं अम्मा?"

पंधरा दिवस तयारी चालली होती. शाळेच्या वहीत लिहून काढलं. ती वही मला दाखवायचे नाहीत, "तिथंच ऐक" म्हणायचे. स्वतःसाठी नवा शर्ट शिवला. आमच्या स्टॉल्सच्या झालरी आणि तयार फेटेही तेच शिवत होते.

मग कळलं, पुण्याहून एक बाई प्रमुख पाहुण्या म्हणून येणार आहेत.

आणि माझं डोकं फिरलं.

कुणी काही म्हटलं नव्हतं हो. मलाच वाटलं, त्यांच्यासमोर हे असं अर्धं कन्नड बोलणं? ज्या बोलण्यावर मी रडले होते, त्याचीच मला लाज वाटली.

दुकानात गेले. म्हटलं, "मामा, यंदा वेळ कमी पडतोय. पुढच्या वर्षी नक्की."

वेळ अजिबात कमी पडत नव्हता.

"परवागिल्ला," मामा म्हणाले. काही हरकत नाही. आणि उरलेली झालर शिवायला घेतली.

त्यांच्या पाच मिनिटांत मी बोलले. गुळगुळीत, पुस्तकी. भरपूर टाळ्या पडल्या. पाहुण्या बाईंनी पाठ थोपटली.

सामावून घ्यायच्या सप्ताहात एका माणसाला मी माझ्या हाताने बाहेर ठेवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मामा शेवटच्या रांगेत बसले होते. नवा शर्ट घालून.

नंतर भेटले. "छान बोललीस. मला सगळं नाही कळलं, पण छान." मग म्हणाले, "पुढच्या वर्षी मी, अलवा?" म्हणजे हो ना.

"हो मामा. तुम्हीच."

यंदाचा सप्ताह येत्या सोमवारपासून आहे. यादीत सगळ्यात आधी मी त्यांचं नाव लिहिलं. परवाच सांगून आले. तोच शर्ट त्यांनी इस्त्रीला काढून ठेवला होता.

आज सकाळी पुन्हा मामांच्या घरी गेले. मामींनी वही माझ्या हातात दिली.

उघडली, तर पानंच्या पानं कन्नड अक्षरांत. भाषा मराठी, अक्षरं कन्नड. त्यांची शाळा कन्नड, दुसरी अक्षरं त्यांना येतच नव्हती. आणि मला? चार वर्षं इथे राहून साधी दुकानाची पाटी वाचता येत नाही. मी निघाले होते त्यांची मराठी तपासायला.

शेवटी त्यांची नात सुमा शेजारी येऊन बसली. कॉलेजात आहे, मराठी अर्धीमुर्धीच येते. ती अडखळत वाचत गेली, मी ऐकत गेले.

"नमस्कार. मी एकनाथराव, टेलर. माझी मराठी घरातली मराठी. आईसंगं बोललो, बायकोसंगं बोललो. बाहेरच्या माणसासंगं कधी बोललो नाही, लोक हसतील म्हणून. मत्ते मग परभणीची एक अम्मा दुकानात आली. माझं बोलणं ऐकून रडली. तेव्हा मला कळलं, माझी मराठी बाहेरबी चालते."

सुमा थांबली. "अक्का, ही अम्मा म्हणजे तुम्हीच काय?"

"हो. पुढे वाच," मी म्हटलं.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, सुमा हे स्टेजवर वाचणार आहे. सुतकात कसं विचारायचं म्हणून मी कचरत होते. मामीच म्हणाल्या, "वाचू दे. वर्षभर वाट बघितली की त्यांनी." एकही शब्द बदलायचा नाही, हे मी सुमाला बजावलंय. मी शेवटच्या रांगेत बसणार आहे.

संध्याकाळी सवयीने पाय दुकानाकडे वळले. शटर बंद. पायरीवर थोडा वेळ सुम्ने बसले.

कुणी काही विचारलं नाही.

नाही मामा, ऊटा झाला नाही अजून.

चुकलं माझं. तुम्हाला माझा आणि माझ्या चांगल्या मराठीचा वाकून नमस्कार.