मार्थाबाईंचं वाचन

मार्थाबाई वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. म्हणायची इच्छा मात्र फार होते.

शेवगावकडच्या एका खेड्यात त्या मिशनच्या शाळेत मास्तरीण होत्या. नवरा योहान वारलेला, मूलबाळ नाही. गावाच्या लेखी त्या नुसती 'मार्थी'. पाटलिणीकडे गेल्या तर ओट्याखाली उभं राहायचं आणि वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायचं. मग लढाईच्या दिवसांत पाटलीण छबूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, पोथी सांगणारा म्हाताराही वारला, आणि मार्थाबाईंनी नगरहून आणलेली एक कादंबरी त्यांना वाचून दाखवायला घेतली. दुसऱ्याच दिवशी पायरीवर पोतं अंथरलं गेलं. गोठ्याच्या कोनाड्यात वेगळी कपबशी आली. 'मार्थे'चं 'बाई' झालं.

कादंबरीतली वसुंधरा म्हणजे महातिखट बाई. सासूला उलट बोलायची, खोटं बोलायची, नवरा परगावी असताना तिन्हीसांजेला आमराईत कुणा पुरुषाला भाकरी नेऊन द्यायची. तो कोण, हे शेवटच्या प्रकरणापर्यंत कळत नाही. मार्थाबाईंनी पुस्तक आधीच संपवलेलं होतं. तो वसुंधरेचा, घरच्यांनी हाकलून दिलेला सख्खा भाऊ होता.

छबूबाईंना कादंबरी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पोथीच्या प्रत्येक अध्यायाला फळ असतं, एवढं ठाऊक होतं. प्रकरण संपलं की त्या हात जोडून विचारायच्या, "बाई, ह्या अध्यायाचं फळ काय?"

"ते ज्यानं त्यानं घ्यावं," मार्थाबाई हसून म्हणायच्या.

छबूबाई घ्यायच्या आणि सुनेला द्यायच्या. लेकी बोले सुने लागे म्हणतात; इथं तर पुस्तकातली बाई चुकायची आणि मार रतन खायची. रतनचा नवरा सूर्यभान पलटणीत, विचारणारं कोण? वसुंधरा उलट बोलली की रतनची भाकर बंद. वसुंधरेनं किल्ली लपवली, त्या दिवशी रतनच्या मनगटावर तापल्या उलथण्याचा डाग बसला.

गोठ्यात चहा देताना तिनं एकदा मार्थाबाईंचा पदर धरला. "बाई, ती बाई शेवटाला चांगली निघती का वो? निघत आसंल तर आत्ताच सांगा आत्याबाईस्नी. लई मारत्यात मला."

"आत्ताच सांगितलं तर गोष्टीत राहिलं काय?" मार्थाबाई म्हणाल्या आणि चहा प्यायल्या. पुस्तक संपलं की पायरीवरचं पोतं उचललं जाणार, हे त्यांना कळत होतं. म्हणून त्या एकेक प्रकरण दोन-दोन दिवस पुरवत होत्या.

आमराईचं प्रकरण आलं तशा छबूबाई ताडकन उठल्या. "तरीच हिला पान्याला येळ लागतो!" त्यांनी रतनला झिंज्या धरून ओट्याखाली लोटलं. ती मार्थाबाईंच्या पायाशी येऊन पडली. "सांगा की वो, बाई!"

मार्थाबाईंनी पानात खुणेची काडी घातली आणि पुस्तक मिटलं.

नेसत्या लुगड्यानिशी रतनला हाकललं. माहेर जामखेडकडं, तिथं ती पोचलीच नाही.

शेवटचं प्रकरण ऐकून छबूबाई वसुंधरेसाठी ओक्साबोक्शी रडल्या. "आगं माझ्या लेकी! येकानं तरी इचारायचं हुतं गं तुला!" मार्थाबाईंचेही डोळे भरून आले. ते अश्रू खरे होते, म्हणूनच माझा जास्त संताप होतो.

नाक पुसून छबूबाईंनी विचारलं, "बाई, दुसरी हाय का वो आशी?"

"आहे ना," मार्थाबाई म्हणाल्या आणि पिशवीतून पुस्तक काढलं.