सिस्टरची एक तबकडी आणि दोन कॅसेटी

गाणं सुरू करायच्या आधी सिस्टर प्रत्येकाचं मनगट धरायच्या. चर्चची गाणारी मंडळी, म्हणजे क्वायर, रांगेत उभी असायची. सिस्टर एका टोकापासून सुरुवात करायच्या. दोन बोटं नाडीवर, नजर छताकडे, आणि मग निकाल. "तुही नाडी तं धावून राहिली. पळत आला काय? बस तिथं, पानी पे." मग पुढचा. सगळ्यांच्या नाड्या मनासारख्या लागल्या की म्हणायच्या, "आता घ्या श्वास. सूर मागून येते."

तुम्ही म्हणाल, ही गाण्याची तालीम की वॉर्डातला राऊंड? पण त्या होत्याच नर्स. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात बायकांचा वॉर्ड त्यांच्याकडे होता. दवाखाना त्यांना सिस्टर म्हणायचा, चर्चमधली माणसं सिस्टर म्हणायची, म्हणून मीही सिस्टरच म्हणू लागलो.

माझं तेव्हा सीताबर्डीवर लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. लग्न, गणपती, पुढाऱ्यांच्या सभा. शिवाय हौसेनं घेतलेला एक मोठा टेपरेकॉर्डर होता, रिळांचा. तो बघायलाच लोक यायचे. साठच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. एके दिवशी पांढऱ्या गणवेशातल्या एक बाई दुकानात आल्या आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, "तू गनपतीत माईक लावतं ना? मग येशूच्या गान्याले लावशील काय?"

मी म्हटलं, "सिस्टर, माईकला जात नसते."

"मग उद्या ये. आनि त्या तुह्या पेटीत आवाज भरतेत म्हने, तेही घेऊन ये."

नर्सांच्या वसतिगृहातल्या जेवणघरात आम्ही पहिलं रेकॉर्डिंग केलं. आवाज घुमू नये म्हणून दवाखान्याच्या धोब्याकडची सगळी ब्लँकेटं खिडक्यांवर टांगली. तरी एक कावळा ऐकेना. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तोही हजर. शेवटी सिस्टरनं एका आयाला पोळीचा तुकडा देऊन मागच्या अंगणात पाठवलं. ती कावळ्याला बोलण्यात गुंतवून बसली, तेव्हा कुठं गाणं पुरं झालं.

ती टेप मुंबईला गेली आणि तिची एक लहान तबकडी होऊन आली. दोन गाणी, दोन्ही जुन्या परदेशी चालींची, अगदी शुद्ध. पण ती वाजवायचं यंत्र क्वायरमध्ये एकाच्याच घरी होतं. सगळे तिथं दाटीवाटीनं बसले. गाणी संपली, टाळ्या झाल्या. निघताना सिस्टर मला म्हणाल्या, "चांगलं झालं गा. पन असं वाटते, पावन्यांसमोर बोलून राहिलो."

हे त्यांच्या मनात वर्षानुवर्षं राहिलं असावं. कारण पुढं कॅसेटी आल्या, माझंही रिळांचं यंत्र जाऊन नवं आलं, तेव्हा त्या स्वतः गाणी रचू लागल्या होत्या. आपल्या बोलीत. ज्या बोलीत वॉर्डातल्या बायका त्यांना दुखणं सांगायच्या, त्याच बोलीत.

एकदा त्या आमच्या घरी आल्या. आमचं घर कोष्ट्यांच्या वस्तीत, गांधीबागेपासून पायी जाण्याच्या अंतरावर. मी माईकच्या धंद्यात पडलो तरी वडील अजून मागावर बसायचे. बाई आल्या म्हणून अदबीनं त्यांनी माग थांबवला. सिस्टर दारातूनच म्हणाल्या, "बाबाजी, थांबू नका. चालू द्या."

वडिलांनी पुन्हा धोटा फेकला. खट, खटाखट, खट. सिस्टर डोळे मिटून उभ्या, ओठ हलताहेत. बराच वेळ झाल्यावर चहासुद्धा न घेता निघून गेल्या.

"बाई काहून गुनगुनत होती?" वडिलांनी विचारलं.

"गाणं बसवून राहिल्या. येशूचं."

वडिलांनी जरा विचार केला. "बसलं काय ठेक्यात?"

"बसलं वाटते."

"मग ठीक हाये," म्हणून ते पुन्हा कामाला लागले.

त्या ठेक्यासाठी ढोलकी आली आणि ढोलकीबरोबर भांडण आलं. इथं तुम्हाला गार्डसाहेबांची ओळख करून द्यायला हवी. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, चर्चच्या कमिटीत वजनदार आणि क्वायरमधले सगळ्यात जाड आवाजाचे. आवाज असा की इकडं गायले तर अजनी स्टेशनला ऐकू जावा. सूर मात्र त्यांच्या शेजारून जायचा; ओळख कधी झाली नाही. मी दर तालमीला त्यांना माईकपासून थोडं मागं सरकवायचो. सरकत सरकत ते दाराशी आले, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "आता अजून मागं नेलं तं ते आपल्या घरी पोचतीन."

ढोलकी बघून गार्डसाहेब लाल झाले. "हे चर्च आहे की तमाशाचा फड?" कमिटी बसली. ठराव झाला: चर्चमध्ये ढोलकी नको आणि कॅसेटवर चर्चचं नाव नको. गार्डसाहेबांनी क्वायर सोडली.

खरं सांगतो, आम्हाला हायसं वाटलं. सूर स्वच्छ लागू लागले. पण सिस्टरचं मन लागेना. पहाटेचं गाणं होतं, प्रभू कबरेतून उठला त्या पहाटेचं. त्या पुन्हा पुन्हा थांबवायच्या आणि म्हणायच्या, "सगळे बराबर गाऊन राहिले. पन उठून कोनी नाही राहिलं."

एका संध्याकाळी त्यांनी मला यंत्रासकट गार्डसाहेबांच्या घरी नेलं. साहेबांनी खुर्च्या दिल्या, चहा सांगितला आणि भिंतीकडे बघत बसले. सिस्टरनं ढोलकीचा विषयच काढला नाही. म्हणाल्या, "गार्डसाहेब, पहाटच्या गाडीले पोर्टर झोपून राहिला असन, तं त्याले कसे उठवत होते तुमी?"

"त्याचं आता काय?"

आतून त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "अजूनही उठवतेत. झोपेत. शेजारी तक्रार करतेत."

साहेबांना हसू आलं आणि तिथंच ते फसले. उठले, दाराशी गेले, छाती भरून घेतली आणि हाक दिली. "ऊठ गा, उजाडून राहिलं." गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. समोरच्या घरात दिवा लागला.

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "बस. प्रभूले कोनी हाक मारली असन, तं अशीच मारली असन. गानं इथून सुरू होते."

"आणि ढोलकी?"

"ढोलकी तुमच्या मागून. तुमी हाक देल्याबिगर ते वाजनार नाही."

साहेब परत येऊन खुर्चीवर बसले. "म्हणजे हिरवी झेंडी मी दाखवायची."

"तुमीच."

तर असे गार्डसाहेब परत आले, आणि थेट माईकसमोर. कमिटीनं ठराव काही मागं घेतला नाही. पण ठरावात 'चर्चमध्ये' असा शब्द होता, त्यामुळं ईस्टरच्या पहाटे ते गाणं चर्चबाहेरच्या चिंचेखाली झालं, ढोलकीसकट. सगळी कमिटी बाहेर उभी राहून ऐकत होती.

कॅसेट मी दुकानात ठेवली. गिऱ्हाइकं नाव विचारायची नाहीत, 'ते उठवनारी कॅसेट' मागायची. कळमेश्वरला कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारा एक फिटर म्हणाला, "अलार्मची घडी बंद होते. ह्या बुढ्याच्या आवाजानं माही बायको बी उठते. डबा मिळते." मी हे सिस्टरला सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं.

त्यानंतर काही वर्षांनी दुसऱ्या कॅसेटची तयारी सुरू झाली, तेव्हा मात्र त्या तालमीला बसूनच असायच्या. पोटाचं दुखणं होतं. इतरांच्या दुखण्यावर तासभर बोलणाऱ्या सिस्टर आपल्या दुखण्याबद्दल एवढंच म्हणायच्या, "आहे थोडंसं." रेकॉर्डिंगचा दिवस ठरला, आणि त्याआधीच त्यांना भरती करावं लागलं. त्यांच्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर.

क्वायर म्हणाली, रेकॉर्डिंग पुढं ढकलू. सिस्टरनं निरोप पाठवला, "खाटेवर मी आहो. तुमचे गळे तं बरे आहेत ना? मग गा."

आम्ही रेकॉर्डिंग केलं. ती कॅसेट नाताळात निघाली, तोवर सिस्टर राहिल्या नव्हत्या. पण त्यांनी ती ऐकली होती. टेप घेऊन मीच गेलो होतो, एका दुपारी.

भेटीची वेळ नव्हती, पण माझ्या हातातलं यंत्र बघून कुणी अडवलं नाही. सिस्टर बारीक झाल्या होत्या. अंगावर गणवेश नव्हता, दवाखान्याचेच कपडे होते. मला एकदम ओळखूच आल्या नाहीत. मी हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवले.

टेप ऐकताना सिस्टर कधीच गाणं पुरं होऊ द्यायच्या नाहीत. पहिल्याच कडव्यात हात वर जायचा. "थांब. मागं घे. तिथं कोनीतरी श्वास चोरला." त्या सवयीनं मी बंद करायच्या बटणावर बोट ठेवूनच बसलो. पहिलं गाणं झालं. हात वर गेला नाही. दुसरं झालं. त्यांनी डोळे मिटले तेव्हा मी घाबरून ड्युटीवरच्या नर्सकडे पाहिलं. तिनं खुणेनंच मला चादरीच्या टोकाकडे बघायला सांगितलं. चादरीखाली त्यांच्या पायांची बोटं हलत होती.

बाजू संपली, खटकन बटण वर आलं. मी एक कान मोकळा करून विचारलं, "सिस्टर, काही परत घ्यायचं काय?"

"नाही गा," त्या म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. "एवढे वर्ष मी नुसत्या चुका ऐकल्या. आज गानं ऐकून राहिली."

मग म्हणाल्या, "दुसरी बाजू लाव."

मी कॅसेट उलटली.