व्हेरा मॅडमची नर्मदा

नर्मदा परब अबूधाबीजवळच्या खलिफा सिटीतल्या एका व्हिलात कामाला लागली ती शहाण्णव सालच्या ऑक्टोबरात. वय तेहेतीस, गाव मालवणच्या बाजूचं, शिक्षण सातवी. नवरा विष्णू जबल अलीच्या बंदरात कंटेनर बांधायच्या कामावर होता आणि कंपनीच्या कॅम्पात आठजणांच्या खोलीत राहत होता. दोघं एका देशात होती, एवढाच त्यांचा संसार. दर दुसऱ्या शुक्रवारी विष्णू बस बदलत अबूधाबीला यायचा, मागच्या फाटकाशी बसून तिच्या हातचं जेवायचा आणि उन्हं कलायच्या आत परत निघायचा.

मालक हॉवर्डसाहेब तेल कंपनीत इंजिनिअर. तीन आठवडे समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर, एक आठवडा घरी. उरलेला सगळा वेळ त्या मोठ्या घरात त्यांच्या बायको, व्हेरा मॅडम, एकट्या. त्रेसष्ट वर्षांच्या, उंच, पाठीचा कणा ताठ. दुसऱ्या दिवशी धूळ पुसताना नर्मदाला व्हरांड्यात एका ओळीत चौदा फोटो दिसले. कुठे नर्स, कुठे शाळामास्तरीण, कुठे काळ्या जाळीची टोपी घातलेली विधवा.

"ह्या कोण, मॅडम?" तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"मी."

"सगळ्या?"

"सगळ्या," मॅडम म्हणाल्या आणि स्वतःच एकेक फोटो पुसायला लागल्या.

पुढे भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना तिला सगळी हकीगत कळत गेली. व्हेरा लँगडन हे नाव स्टुडिओने दिलेलं. वडील अमेरिकेत ओहायोतल्या काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. एकोणिसाव्या वर्षी ही मुलगी एक बॅग घेऊन बसमध्ये बसली ती लॉस एंजेलिसला उतरली. अकरा वर्षांत चौदा सिनेमे केले. त्यांतल्या तेरा सिनेमांत ती हिरॉइनची मैत्रीण, नाहीतर बहीण, नाहीतर गोष्ट निम्म्यावर यायच्या आत मरणारी पहिली बायको. एकाच सिनेमात तिला हिरॉइन केलं. त्यात ती दीपगृहावरच्या माणसाची बायको होती. तो सिनेमा दोन आठवडेही चालला नाही. मग बत्तिसाव्या वर्षी फोन यायचा थांबला. पहिला नवरा कॅमेरामन होता, तो सोडून गेला. सूझन नावाची मुलगी पदरात होती. तिला वाढवण्यासाठी व्हेराने टोप्यांच्या दुकानात सतरा वर्षं काउंटर सांभाळला. कधी एखादं गिऱ्हाईक टक लावून बघायचं आणि म्हणायचं, तुम्ही कोणासारख्या तरी दिसता. पन्नाशीला हॉवर्डसाहेब भेटले, आणि त्यांच्यामागून ती वाळवंटात आली.

मॅडमनी सिनेमांच्या सगळ्या संहिता एका पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. सकाळचा नाश्ता आटोपला की त्या एक बाहेर काढायच्या आणि समोरच्या माणसाचे संवाद नर्मदाला वाचायला लावायच्या. नर्मदाला आधी एकेक अक्षर लावावं लागे. मॅडम थांबायच्या. "घाई नको. समोरच्याचं पूर्ण ऐक, मग बोल," हे त्यांचं ठरलेलं. वर्षभरात नर्मदा नवरा झाली, दीर झाली, पोलीस झाली, पाद्री झाली. अर्थ अर्धाच कळायचा, पण ओळ चुकायची नाही. उभ्या आयुष्यात तिच्याकडे इतकं लक्ष देऊन कोणी बोललं नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मॅडमनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. नर्मदा हसली, मॅडमही हसल्या. पंधरा दिवसांनी त्यांना सूझनचं नाव आठवेना. मग एके सकाळी त्या पूर्ण नटून, ओठ रंगवून गॅरेजमध्ये उभ्या दिसल्या.

"स्टुडिओची गाडी अजून कशी आली नाही?" त्यांनी विचारलं.

नर्मदाने त्यांना आत आणून बसवलं, पाणी दिलं. अर्ध्या तासाने मॅडम भानावर आल्या आणि त्यांनी नर्मदाचं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. "हॉवर्डला सांगू नकोस. मला म्हाताऱ्यांच्या होममध्ये टाकतील. माझी आई तशीच गेली. शपथ घे."

नर्मदाने शपथ घेतली. पुढच्या शुक्रवारी तिने विष्णूला हे सांगितलं तेव्हा त्याचा घास हातातच राहिला.

"सायबाक सांग गो. डॉक्टराक दाखवतलो."

"सायबाक सांगलंय तर दुसऱ्या दिसा तिका अमेरिकेक धाडतलो. मगे माझा काय होतला?"

नर्मदाचा व्हिसा साहेबांच्या नावावर होता. मॅडम गेल्या की घर बंद, घर बंद झालं की व्हिसा खलास. ती गावाला परतली तर विष्णू दोन वर्षांतून एकदा महिनाभर दिसणार. तेव्हा शपथ निम्मी मॅडमसाठी होती आणि निम्मी स्वतःसाठी, हे नर्मदाला तेव्हाही ठाऊक होतं.

मग तिने झाकायला सुरुवात केली. कपाटांच्या दारांवर आतून कागद चिकटवले. टेलिफोनशेजारी सूझनचा फोटो आणि खाली ठळक नाव. साहेब घरी असले की जेवताना ती मॅडमच्या खुर्चीमागे वाढप्यासारखी उभी राहायची आणि नाव अडलं की डिश पुढे करत हळूच पुटपुटायची. मॅडम इतक्या सराईत नटी की पुटपुटलेला शब्द उचलून, त्याला हसू जोडून, आपलाच असल्यासारखा म्हणायच्या. साहेबांनी एकदाच विचारलं, "नर्मदा, व्हेरा ठीक असते ना?"

"फर्स्ट क्लास, सर," ती म्हणाली. असं चार वर्षं चाललं.

दोन हजार दोनच्या मार्चमध्ये साहेब प्लॅटफॉर्मवरच हार्ट अटॅकने गेले. ऑफिसातून एक सभ्य माणूस आला, टोपी हातात घेऊन बसला आणि म्हणाला, घर जूनअखेर रिकामं करावं लागेल. मॅडमचा व्हिसा साहेबांच्या नोकरीवर होता, तोही तोवरच. सूझन ऑरेगनहून फोनवर रडली, म्हणाली, आई, घरी ये. मॅडमनी नर्मदाने शिकवलेली दोन वाक्यं बिनचूक म्हणून फोन ठेवला.

"मी कुठे जाणार नाही. मी काम करेन," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचं डोकं स्वच्छ होतं. त्यांनी स्वतः पत्र लिहिलं, जुना एक आणि नवा एक असे दोन फोटो पाकिटात घातले आणि दुबईतल्या एका जाहिरात एजन्सीला पाठवले.

मे महिन्यात खरोखरच एजन्सीतून एक मुलगी आली. प्रज्ञा, तेवीस वर्षांची, जन्म आणि शाळा सगळी शारजात, अल मजाजच्या टॉवरमध्ये राहणारी. नर्मदाच्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून ती थबकली.

"मावशी, तुम्ही मराठी? अरे वा. ऐका ना, आमच्या क्लायंटला अशीच लेडी पाहिजे. एलिगंट, अमेरिकन. समुद्राकाठी अपार्टमेंट्स विकतायत ते. वर्षभर एकच फेस ठेवणार. कॉन्ट्रॅक्ट साइन झाला की मॅडमचा व्हिसा आम्हीच करणार."

"आणि माझा?"

"त्यांचा झाला की त्या तुम्हाला स्पॉन्सर करतील. इन्शाल्ला." मग तिने आवाज खाली केला. "लाइन्स पाठ होतात ना त्यांना? आय मीन, वय आहे."

"चौदा सिनेमे पाठ आहेत," नर्मदा म्हणाली. ते खोटं नव्हतं.

वाक्यं तीनच होती. मी अर्धं जग पाहिलं. राहायला मात्र इथे आले. या, आत या. तीन आठवडे नर्मदाने ती घोटून घेतली. अंघोळीच्या आधी, जेवताना, बागेत फिरताना. मॅडम कधी तिन्ही म्हणायच्या, कधी दोनावर थांबून तिच्याकडे कोऱ्या नजरेने बघायच्या. एकदा नर्मदाचा तोल गेला. "तीन वाक्यं फक्त, मॅडम, तीन," ती ओरडली. मॅडम दचकल्या आणि लहान पोरीसारख्या सॉरी म्हणाल्या. नर्मदाने मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडली.

शूटिंग जूनच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी, दुबईच्या एका नव्या व्हिलात होतं. मेकअप झाल्यावर मॅडम बाहेर आल्या तेव्हा लाइटवाली पोरंसुद्धा गप्प झाली. त्या खुणेच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या, न सांगता चेहरा दिव्याकडे वळवला. नर्मदा कॅमेऱ्यामागे प्रज्ञाशेजारी मुठी आवळून उभी होती.

डिरेक्टर म्हणाला, यल्ला, चला, ॲक्शन.

मॅडमनी दाराकडे पाहिलं. "दिवा कोणी विझवला?" त्यांनी विचारलं.

आवाज इतका खरा होता की कोणीच कट म्हटलं नाही. मॅडम उत्तराची वाट बघत थांबल्या. हा दीपगृहाचा सिनेमा होता आणि पुढची ओळ दिराची होती. मॅडमची नजर भिरभिरायला लागली, बोटं ड्रेसच्या कडेशी चाळवायला लागली. नर्मदाला ते बघवेना.

"मी विझवला," ती कॅमेऱ्यामागून आपल्या मालवणी उच्चारांच्या इंग्रजीत म्हणाली. "आता त्याचा उपयोग नाही."

मॅडमचा चेहरा शांत झाला. "उपयोग मी ठरवेन. काडी दे."

"वहिनी, होडी सापडली. तो त्यात नव्हता."

सगळा प्रवेश झाला. शेवटी मॅडम जमिनीवर बसल्या आणि त्यांनी न रडता फक्त ओंजळ डोळ्यांवर धरली. मग टाळ्या वाजल्या. डिरेक्टर पुढे आला, मॅडमचा हात हातात घेतला. "अप्रतिम. पण मॅडम, ही आपली फिल्म नाही."

त्यानंतर त्यांनी पाच वेळा प्रयत्न केला. मॅडमना पहिलं वाक्यही येईना. सहाव्यांदा दिवे लागले तेव्हा त्या नर्मदाकडे वळून म्हणाल्या, "ही माणसं कोण आहेत? मला घरी ने."

प्रज्ञा गाडीपर्यंत सोबत आली. तिचे डोळे लाल झाले होते. "मावशी, हे कधीपासून आहे? तुम्ही मला सांगायला हवं होतं."

नर्मदाने मॅडमचा पट्टा लावला आणि गाडीचं दार ओढून घेतलं.

सूझन दहा दिवसांनी आली. पंचेचाळिशीची, केस पांढरे, पेशाने शाळेत शिक्षिका. आईने तिला दारात बघून "कोणाला भेटायचंय?" असं विचारलं. सूझन दोन दिवस घरभर हिंडली. कपाटं उघडली. आतले कागद पाहिले, पिवळे पडलेले, शाई उडालेले. मग ती स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली.

"हे कधी सुरू झालं?"

साहेब गेल्यापासून, असं म्हणता आलं असतं. धक्क्याने झालं, असंही म्हणता आलं असतं. नर्मदाने गॅस बंद केला.

"चार वर्षं झाली."

सूझनने हातातला एक पिवळा कागद ओट्यावर ठेवला. ती ओरडली असती तर नर्मदाला सोपं गेलं असतं. "औषधं होती," ती शेवटी म्हणाली. "आई बरी झाली नसती, ते मला माहीत आहे. पण मी आले असते. मला ओळखणारी आई मला अजून काही दिवस भेटली असती."

"त्यांनी शपथ घातली होती."

"हो. आणि तुझी नोकरी होती."

"हो," नर्मदा म्हणाली.

जूनअखेर सूझन आईला अमेरिकेला घेऊन निघाली. विमानतळ घरापासून दहा मिनिटांवर. मॅडम व्हीलचेअरवर होत्या. आतल्या दाराशी आल्यावर त्यांनी नर्मदाचा हात धरला आणि सोडेनात. "ही माझ्याबरोबर आहे," त्या गणवेशातल्या माणसाला सांगत होत्या. "हिच्याशिवाय मला माझ्या ओळी येत नाहीत." सूझनला आईची बोटं एकेक करून सोडवावी लागली. खुर्ची आत गेली. मॅडमचा आवाज काही वेळ ऐकू येत राहिला, मग तो येईनासा झाला. नर्मदा तिथेच खांबाला टेकून खाली बसली. येणारेजाणारे तिला वळसा घालून जात होते.

पुढचे पंधरा दिवस तिने विष्णूच्या ओळखीतल्या एका बाईच्या खोलीत काढले. व्हिसा रद्द झाला होता, देश सोडायची महिन्याची मुदत दिवसादिवसाने संपत होती. विष्णू शुक्रवारी येऊन नुसता शेजारी बसायचा. तिकीट काढायचं ठरलं त्याच आठवड्यात प्रज्ञाचा फोन आला. तिच्या आजोबांना सांभाळायला घरात माणूस हवं होतं, व्हिसा तिचे वडील करणार होते.

प्रज्ञाची आई सुमेधा बँकेत होती, घाईची पण मनाची बरी. नर्मदाला तिने खिडकीजवळची जागा दिली. तिथून खाडीचं पाणी दिसायचं. आजोबा बोलके होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एका सकाळीच चारदा विचारलं की पेपर आला का. पेपर त्यांच्या मांडीवर होता.

नर्मदाने दोन दिवस गिळून टाकलं. रद्द झालेला व्हिसा, तो भरत आलेला महिना, सगळं डोळ्यांपुढे आलं. तिसऱ्या दिवशी सुमेधा पर्स घेऊन निघत असताना तिने दारातच गाठलं.

"ताई, आजोबांना डॉक्टरकडे न्या. विसरतायत ते."

"ऐंशी वर्षं झाली त्यांना, विसरणारच. माझी आज मीटिंग आहे, नर्मदाताई."

"हे तसलं विसरणं नाही. मी बघितलंय."

"तुम्ही डॉक्टर आहात का?" सुमेधाचा आवाज चढला. "त्यांच्यासमोर असलं बोलू नका. आणि जमत नसेल तर तसं सांगा, दुसरं कोणी बघू."

लिफ्टचं दार बंद झालं. संध्याकाळी प्रज्ञाचे वडील संजय घरी आले तेव्हा तिने तेच त्यांना सांगितलं, सुमेधासमोर, पहिल्या दिवसापासूनच्या तारखा सांगून. संजयनी डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली.

क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी आजोबांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. पाच मिनिटांनी आजोबांना एकच आठवला. बाहेर आल्यावर सुमेधा नर्मदाच्या शेजारच्या खुर्चीवर बसली, पण तिच्याकडे बघितलं नाही. पुढचा महिनाभर ती कामापुरतंच बोलली. नर्मदाने ते सोसलं. डॉक्टरांनी दिलेली गोळी ती रोज सकाळी आजोबांच्या तळहातावर ठेवायची आणि त्यांनी ती गिळेपर्यंत तिथून हलायची नाही.